ट्यूबची बाज

त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेने येत होतं आणि उदगीरला नवा जिल्हा हवा होता. जिल्ह्याला पाणी कुठून आणणार, हे कुणी विचारत नव्हतं. उदगीरच्या नीलम्माचा प्रबंध मात्र रबरावर होता. रबराच्या आत साखळ्यांचं जाळं असतं. ते आधी कुठे तुटेल, हे ती जाळ्याच्या नकाशावरून सांगायची.

तिचे मार्गदर्शक शेषेराव सर नांदेडहून घरी आले. "दुष्काळात रबर कोण वाचतंय? पाण्यावर लिही, लगेच सही करतो. जास्त ताणलेलं आधी तुटतं, एवढं म्हशीलाही कळतं."

नीलम्माने त्यांना टायरच्या जुन्या रबरी ट्यूबच्या पट्ट्यांनी विणलेल्या बाजेवर बसवलं आणि सगळ्यात ताणलेली पट्टी कापली. बाज खचली नाही, सर होते तिथेच राहिले.

"आता ही कमी ताणलेली, सर. या काठाकडून त्या काठाकडं जाणाऱ्या सगळ्यात जास्त वाटा हिच्यातून जातात. ही तुटली की तुम्ही खाली."

तिने कात्री लावली. सर उठून उभे राहिले.

"बसा की. तुमच्या मते तर काहीच होणार न्हाई."

सर बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सहीसाठी पेन मागितलं.

"विषय रबरच ऱ्हाईल," म्हणत नीलम्माने पेन दिलं. कात्री हातातच ठेवली.