फक्त खरी वाक्यं

तिच्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी फिकट खूण उरली होती. मागच्या आठवड्यापर्यंत तिथे घड्याळ होतं. त्याआधी पिशवीत फोन असायचा. आता तो नवऱ्याच्या खिशात असे. बाईंनी खूण पाहिली आणि त्या फळ्याकडे वळल्या.

"दोन कर्ते 'अँड'ने जोडले, की क्रियापद अनेकवचनी. एकटा असेल तर 'इज', दोघं झाले की 'आर'."

"म्हणजे लग्न झालं की 'आर'," तिचा वेल्डर नवरा हसला. "सोपं आहे की, बाई."

इंग्रजीच्या या संध्याकाळच्या वर्गाला आता हे नवरा-बायको दोघंच उरले होते. त्याला परदेशात जहाजं बांधायच्या कारखान्यात नोकरी लागली होती. पुढच्या आठवड्यात निघायचं होतं.

"हिला तिथे करमेल ना? ओळखीचं कुणी आहे?" बाईंनी विचारलं.

"मी आहे की. घर वस्तीपासून लांब आहे, एकदम शांत. उगाच कुणाचं येणं-जाणं नाही." त्याने खिसा चाचपला. "हिचा पासपोर्टही माझ्याकडेच ठेवलाय. वेंधळी आहे, हरवून बसेल."

"घड्याळ हरवलं का?"

"सांभाळून ठेवलंय," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

मागे एकदा तो पाणी प्यायला बाहेर गेला असताना तिने बाईंना हळूच विचारलं होतं, "मी जायला नाही म्हटलं तर?" बाई काही बोलणार इतक्यात तो परतला होता.

वर्गाची पद्धत ठरलेली होती. एकाने वाक्य सांगायचं, दुसऱ्याने ते फळ्यावर लिहायचं. वाक्य स्वतःबद्दलचं हवं, आणि खरं हवं. पहिल्या दिवसापासून सांगायचा तोच.

"लिही," तो म्हणाला. "माय वाइफ अँड आय आर लीव्हिंग."

तिने खडू फळ्याला टेकवला. एक ठिपका उमटला. हात पुढे सरकेना, ठिपका तेवढा दाट होत गेला.

"लिही ना. हात दुखतोय का?" आवाज मऊच होता. त्याने खुर्ची मागे सरकवली.

बाई उठल्या, त्यांनी दार सताड उघडलं आणि त्या त्याच्या खुर्चीशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, वाक्य खरं असायला हवं ना?" तिने विचारलं.

"हो."

तिने खडू खाली ठेवला, बोटं पदराला पुसली आणि ती नवऱ्याकडे वळली.

"मग हे मला लिहिता येणार नाही. मी तुमच्याबरोबर येत नाहीये."