पाळण्यातलं नाव

"नाव घे," पुंजाराम म्हणाला. "नुसतं बापू नको. बापू काय, आपल्या गल्लीतच चार हायेत."

गोजरबाई पडक्या बुरुजाच्या कडेपासून हातभर अलीकडे उभी होती. खाली झाडीनं भरलेली दरी, पलीकडे डोंगर आणि त्याच्यामागे धुरकट समुद्र. समुद्र ती पहिल्यांदाच बघत होती, पण तिचं तिकडे लक्षही नव्हतं. मागच्या श्रावणात तिचा एकुलता एक मुलगा बापू वाळूजच्या कंपनीतल्या मित्रांबरोबर हा कोकणातला गड बघायला आला आणि याच बुरुजावर शेवाळावरून पाय घसरून दरीत पडून गेला. त्या मित्रांतला अभय तेव्हा त्याच्यासोबत होता. आज तोच गाडी चालवत या नवरा-बायकोला घेऊन आला होता. जागा दाखवून तो तटाकडे तोंड करून बसला होता.

मुलाला गावी पाचोडला शेतात नेऊन सगळं रीतीनं झालं होतं. पण त्यानंतर गारखेड्याच्या घरी रोज दिवस मावळताना फाटकाची कडी वाजू लागली. भाकरी तव्यावर टाकून गोजरबाई बाहेर धावायची. मुलगा कामावरून यायचा आणि बुटांसकट घरात शिरायचा, ती ओरडायची, ती हीच वेळ. बाहेर कुणीच नसायचं. पुंजारामनं कडीला तार गुंडाळली, तरी ती वाजली. त्यालाही ऐकू यायची, पण तो कबूल करत नव्हता.

शेवटी त्याची म्हातारी चुलती, मनकर्णाबाई, बोलली. "माती झाली, पन पोरगं तिथंच ऱ्हायलं. त्याला वाट म्हाईत नाय. आईनं तिथं जाऊन नावानं हाक मारायची, तिथला दगड वटीत घ्यायचा अन् वाट सांगत घरी आनायचं. नाव पाळन्यातलं पायजे. लाडाचं चालत नाय."

अडचण नेमकी इथंच होती. पाळण्यातलं नाव रामकिसन, आणि ते गोजरबाईच्या सासऱ्यांचं. ते वारले त्याच वर्षी मुलगा झाला, म्हणून तेच ठेवलं. सासऱ्याचं नाव सुनेनं कसं घ्यावं? मग पोटच्या पोरालाही तिनं जन्मात नावानं हाक मारली नाही. शाळेत घालताना गुरुजींना म्हणाली, "चैतातल्या नवमीचा द्येव अन् गोकुळाष्टमीचा द्येव, दोगं जोडून लिवा." गुरुजींनी रामकृष्ण लिहिलं. ते बदलून घ्यायला पुंजारामला कंपनीत सुट्टी टाकावी लागली.

सासरे भलते कडक. घरात शिरण्याआधी उंबऱ्यावर मोठ्यानं खोकायचे आणि तो खोकला आला की सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा. गोजरबाईनं त्यांचा चेहरा कधी धड बघितला नव्हता, खोकला मात्र तिला पाठ होता. पुंजाराम खोकण्यात थेट बापावर गेला होता, आणि काल रात्रीच्या प्रवासातल्या वाऱ्यानं त्याची छाती भरली होती.

"घे ना," तो पुन्हा खोकत म्हणाला.

"अन् मामंजी आले म्हंजी?"

पुंजारामला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

"नाव आदी त्येंचं हाय," गोजरबाई म्हणाली. "त्ये यायचे निघून अन् बापू हितंच ऱ्हायचा."

"अगं, आबानं जल्मात पैठण वलांडलं नाय. इथं कशाला येतील?"

"नावानं बोलीवल्यावर मानूस कुठूनबी येतं."

गोजरबाईनं डोळे मिटले. मग तिनं जीव एकवटून हाक मारली, "रामकिसन!"

समोरच्या डोंगरानं ती परत पाठवली. गेलेली हाक तिची होती, पण आलेली जाड, घोगरी, म्हाताऱ्या माणसाची वाटली. अभयनं मान वर केली. गोजरबाईनं झटक्यात डोक्यावर पदर घेतला, वाकून तांबडा दगड उचलला आणि ओटीत घातला.

"चला," ती ओटीकडे बघत म्हणाली.

पुंजारामनं ते ऐकलं. चल नाही, चला.

सगळ्या रस्त्यानं तेच. "उतार हाय, जपून चला." "घाट लागला." "नदी आली, पूल हाय, भिऊ नका." कुठली आई पोराला भिऊ नका म्हणते? ती गाडीत अंग चोरून बसली होती. डोक्यावरचा पदर हलला नाही. जेवायला थांबले तिथं तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही. मोठ्या माणसाच्या आधी कसं खायचं? पुंजारामला तिचा राग आला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. तोही मनातल्या मनात बापाला विनवत होता, आबा, तुम्ही नका येऊ.

वाळूजला पोचले तेव्हा दिवस मावळत होता. कंपन्या सुटल्या होत्या, मोटारसायकलींची रांग लागली होती. अभयनं गाडी हळू केली.

"हितून वाट म्हाईत हाय," गोजरबाई एवढंच म्हणाली. तुला की तुमाला, ते तिनं गिळलं.

अभय त्यांना फाटकाशी सोडून गेला. पुंजारामनं कुलूप काढून दिवा लावला. गोजरबाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, मान खाली घालून, दोन्ही हातांनी ओटी धरून.

"ये ना आत."

"थांबा जरा."

ती कान देऊन उभी होती. कशाची वाट बघतेय ते त्याला उमगलं आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या छातीतून खोकल्याची उबळ वर आली. त्यानं खिशातली दस्ती तोंडात कोंबली. डोळ्यांत पाणी आलं, कपाळाच्या शिरा ताठल्या. भिंतीला हात टेकून त्यानं ती उबळ दाबून धरली. बाहेर काहीच वाजलं नाही. कडीसुद्धा गप्प होती.

गोजरबाईनं मोठा श्वास सोडला. डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला.

"ये रे," ती म्हणाली. "रामकिसन, ये बाबा. बूट भाईर काढ."

आणि ती आत गेली.

पुंजाराम तिच्या बाजूनं हलकेच बाहेर पडला. कडी वाजू न देता त्यानं फाटक उघडलं, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि तिथं विजेच्या खांबाला धरून छाती मोकळी होईपर्यंत खोकला.