अराबाआईचा किनारा आणि माझे दोनशे बारावे पान

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. गोष्टीच्या आशेने मला हाती घ्याल, तर पस्तावाल. माझ्यात राजा नाही, राक्षस नाही. लंडनच्या न्यायाधीशांनी एका वर्षात दिलेले निवाडे तेवढे माझ्यात छापले आहेत. तरी थोडे बसा. ऐकणारे माणूस मला फार दिवसांनी भेटते आहे.

लंडनच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. वासराच्या कातड्याची बांधणी आणि पाठीवर सोनेरी अक्षरे असा माझा थाट होता. त्या काळी इंग्रजांच्या वसाहतींतील सरकारी वकिलांना असे ग्रंथ दरसाल पेट्या भरून पाठवत. माझ्या वाट्याला पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्ट वसाहतीतले केप कोस्ट हे गाव आले. तिथे धक्का नव्हता. आगबोट लांब उभी राहिली आणि तिथल्या फान्टी जमातीच्या नावाड्यांनी आमची पेटी होडीत घालून लाटांवरून आणली.

"सांभाळून रे, सरकारचा कायदा भिजेल!" एकजण ओरडला.

"भिजू दे की! जरा मऊ तरी पडेल," दुसरा म्हणाला. सगळे हसले. ते गाव मला तेव्हाच आवडले.

सरकारी वकिलांच्या कचेरीत क्वान्सा नावाचे कारकून होते. त्यांनी माझे कोण कौतुक केले! मऊ फडक्याने पुसून त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. कुणी पुस्तक मागितले की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. "आधी हात बघू! माझ्या पुस्तकांवर एक डाग पडलेला चालायचा नाही मला." दर तीन महिन्यांनी ते काचेबाहेरून आमच्या पाठी मोजत आणि लंडनला कळवत की, सर्व ग्रंथ उत्तम स्थितीत आहेत. सरकारी वकील पेंडरसाहेब त्याखाली सही ठोकून देत.

अशी सहा वर्षे गेली. मला एकदाही कुणी उघडले नाही. पावले वाजली की मला वाटे, आज नक्की! पण पावले पुढे निघून जात. मग एका पावसाळ्यात मागच्या भिंतीतून वाळवी आली. ती माझ्या पोटात शिरली, तेव्हा मला ओरडावेसे वाटले. समोरून माझी पाठ मात्र झळकतच होती.

त्याच वर्षी सरकारने जकातीच्या गोदामासाठी किनाऱ्याची एक जागा मागितली. तिथे अराबाआई नावाच्या कोळणीच्या घराण्याच्या होड्या पणजोबांपासून ओढून ठेवल्या जात. ती जागा गेली की मुलांचा धंदा बुडाला. म्हणून ती म्हातारी कोर्टात गेली. तिचे वकील अ‍ॅमिसा लंडनला शिकून आलेले, याच गावचे.

सुनावणी मंगळवारी होती. मंगळवार समुद्रदेवाचा, म्हणून त्या दिवशी तिकडे कुणी मासेमारीला जात नाही. त्यामुळे सारा किनारा कोर्टात लोटला. अराबाआई केळीच्या पानात बांधलेला केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, पदराआड घेऊन पुढेच बसली होती.

"पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या वापरात असलेली जागा, त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय सरकारला घेता येत नाही," अ‍ॅमिसा म्हणाले. "असा निवाडा झालाय. तो दिला तेव्हा मी स्वतः लंडनच्या कोर्टात हजर होतो."

"ऐकीव गोष्टीवर निकाल देत नसतो मी," न्यायाधीश म्हणाले. "छापील दाखवा."

तो निवाडा माझ्यात होता, दोनशे बाराव्या पानापासून. साऱ्या वसाहतीत माझी एकच प्रत होती आणि ती होती विरुद्ध बाजूच्या कपाटात. पेंडरसाहेबांना नाही म्हणता आले असते. पण ते म्हणाले, "क्वान्सा, घेऊन या."

क्वान्सांनी मला दोन्ही हातांवर धरून आणले. माझे सहा वर्षांचे वाट पाहणे संपले होते! अ‍ॅमिसांनी मला उघडले. दोनशे आठ, दोनशे नऊ... आणि त्यांच्या बोटांवर भुसा सांडला. पुढची वीस पाने वाळवीने खाल्ली होती.

"अहो, पण पाठ शाबूत होती हो!" क्वान्सा रडवेले झाले. "कालच पुसली मी!"

अ‍ॅमिसांनी दुसरी प्रत मागवण्यासाठी तीन महिन्यांची मुदत मागितली. गोदामाचे लोखंड घेऊन जहाज येऊन उभे होते. न्यायाधीशांनी मुदत दिली नाही. जागा गेली.

दुसरी प्रत आली, तेव्हा गोदामावर छप्परही चढले होते. अ‍ॅमिसांनी अराबाआईला सरकारी वकिलांच्या कचेरीत बोलावून ते पान तिच्या फान्टी भाषेत वाचून दाखवले. तिने ते दोनदा वाचायला लावले.

"हे इतकी वर्षं होतं कुठं रे बाबा?"

"इथंच, आई. या कपाटात."

"इथं?" मी तिथेच टेबलावर होतो; तिने हळूच माझ्यावर हात ठेवला. "अरे, मी रोज इथूनच मासे घेऊन जायची. आत बोलवायचंत की मला."

क्वान्सांनी मान खाली घातली.

मित्रांनो, पुस्तकांना जपा, पण कुलूप लावून जपू नका. त्यांना ऊन दाखवा, वारा दाखवा, आणि मुख्य म्हणजे ती उघडा. आम्हाला तोंड नसते. अराबाआई दारावरून जात होती, रोज जात होती, आणि तिचे पान माझ्या पोटात होते. मला तिला हाक मारता आली नाही.