वैष्णवी बसली की गाडी मरते

शनिवारी दुपारी इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या दिनेशची पांढरी गाडी दारात उभी होती. बोनेटवर हळदकुंकू, चाकांखाली लिंबं, आणि पुढ्यात पंचवटीहून आलेला कोंडाजीबाबा डोळे मिटून उभा. आत दिनेश पॅडल पार तळाला दाबत होता, पण इंजिन नुसतं गुरगुरत होतं.

“बंद कर. चावी माझ्या हातात दे,” बाबा म्हणाला.

चावी मुठीत धरून तो काहीतरी पुटपुटला, बोनेटवर फुंकर मारली आणि चावी परत दिली. दिनेशनं गाडी चालू करून पॅडल दाबलं, तशी ती डरकाळी फोडून उठली. गर्दीनं हात जोडले.

दिनेशची बायको वैष्णवी सुरगाण्याची, आठव्या महिन्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सकाळी दोघं निघाले होते, आणि घाटाच्या चढावर गाडीनं जीव टाकला. ही तिसरी खेप. गावात दिनेश एकटा फिरायचा तेव्हा काही नाही. वैष्णवी बसली की गाडी मरते. गॅरेजवाल्यानं सपाट रस्त्यावर फिरवून पाहिली, त्याला काही सापडलं नाही. मग सासू कमळाबाईंनी बाबाला गाठलं. सकाळी दिनेशनं घाटातून फोन केला तेव्हा बाबानं बजावलं होतं, “गाडी अजिबात बंद करू नका. तशीच माझ्यासमोर आणा.” दोघं रांगत रांगत परतले होते.

बाबानं डोळे उघडले. “गेला नाही तो, फक्त दबलाय. मुंजा आहे. गाडीत नाही, पोरीच्या पोटाशी बसलाय. तीनदा सोडलं त्यानं. चौथ्यांदा गाडी दरीत.”

कमळाबाई पुढे सरकल्या. “उपाय सांगा महाराज.”

“पोरीला मागच्या सीटवर बसवा. पायाशी कोळशांची शेगडी, त्यात मिरच्या. काचा बंद. माझा जप संपेपर्यंत दार उघडायचं नाही. ती ओरडेल. ते तिचं ओरडणं नाही, त्याचं.”

शेगडी आली. कोळसे लाल फुलले होते. दोघी बायकांनी वैष्णवीचे दंड धरले. तिनं गाडीच्या दाराची कड घट्ट पकडली आणि माझ्याकडे पाहिलं. “मावशी, मला कोंडू देऊ नका हो.” दिनेश खाली बघत होता.

तीस वर्षं मी परिचारिका होते. मी गाडीच्या दारात आडवी उभी राहिले.

“मधे पडू नका ताई,” कमळाबाई म्हणाल्या. “माझ्या नातवाचा प्रश्न आहे.”

“म्हणूनच पडतेय. बंद गाडीत पेटते कोळसे ठेवलेत तर विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो. जप संपेपर्यंत दोन जीव जातील.”

मागून कुणीतरी माझा हात ओढला. “बाईला पण बाधा झालीय,” असा आवाज आला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ही सगळी रोजची ओळखीची माणसं होती. मी वर बघून जिवाच्या आकांतानं हाक मारली, “मनाली!”

मनाली माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. अंबडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. तिनं खिडकीतून एकदा गाडीकडे पाहिलं आणि गाडीचे दोष वाचणारा स्कॅनर घेऊनच खाली आली.

“मुंज्याला दहा मिनिटं थांबायला सांगा,” ती म्हणाली. स्टिअरिंगखाली वायर जोडून तिनं पडदा वाचला. “थ्रॉटलचा दोष. तीन वेळा नोंदलाय.”

“यंत्राला काय कळतं?” बाबा खेकसला.

“यंत्राचंच यंत्राला कळतं. दिनेशदादा, आता पॅडलपासून इंजिनापर्यंत केबल नसते. पॅडल फक्त निरोप देतं, हवेची झडप, म्हणजे थ्रॉटल, मोटर उघडते. झडप किती उघडली ते दोन सेन्सर सांगतात. दोघांचं जुळलं नाही, तर काँप्युटर झडप जवळजवळ मिटवून टाकतो. मग पॅडल कितीही दाबा, गाडी रांगतेच.”

तिनं बोनेट उघडून टॉर्चचा झोत आत टाकला. एका वायरची क्लिप निघालेली होती. वायर लोखंडी पट्टीवर घासून सोलली होती, तांबं दिसत होतं.

“चढावर जोर लागला की इंजिन कलतं, ही ताणली जाते आणि तांबं पट्टीला टेकतं. घाटात कधी जाता तुम्ही?”

दिनेश वायरकडे बघत म्हणाला, “हिच्या माहेरी जातानाच.”

“मग गाडी घाटात मरते. वैष्णवीचा काय संबंध?”

तिनं वैष्णवीला माझ्या ओट्यावर बसवलं आणि दिनेशला गाडी चालू करायला लावली. मग वायर पट्टीवर दाबली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, इंजिनाचा आवाज गळाला. गर्दीनं ओट्याकडे पाहिलं. वैष्णवी पाणी पीत होती.

“आता बंद करा. तीसपर्यंत मोजा. चालू करा.”

मनालीनं वायर सोडली होती. गाडी पुन्हा गरजली. ना फुंकर, ना मंत्र.

“चावी काढली की काँप्युटर पहिल्यापासून तपासतो,” ती म्हणाली. “घाटातच बंद करून चालू केली असती तर तिथेच सुधारली असती. बाबा, ‘गाडी बंद करू नका’ असं का सांगितलंत?”

बाबा पिशवी उचलू लागला. गल्लीतला रिक्षावाला भिकन पुढे झाला. “मी ओळखतो याला. दहा वर्षं टुरिस्ट गाडी चालवत होता. याला सगळं ठाऊक असणार.” मी तोवर पोलिसांना फोन लावला होता. जादूटोणाविरोधी कायदा अशा माणसांसाठीच आहे.

वायर नीट बसवताना मनाली हळू आवाजात म्हणाली, “त्याचं भविष्य खरं ठरलं असतं. ओव्हरटेक करताना गाडीनं दम सोडला असता, तर दरीच. त्यानं मुंजा काढला असता, वायर तशीच राहिली असती.”

संध्याकाळी दिनेशनं गाडीचं दार उघडून धरलं. “चल, सोडतो माहेरी.”

वैष्णवी ओट्यावरून हलली नाही. “गाडी बरी झाली. पण माझे दंड धरले तेव्हा तुम्ही कुठं होता?” तिनं फोन केला, तिचे वडील जीप घेऊन आले, त्यांच्याबरोबर ती गेली.

उद्या तुमच्याही घरात काहीतरी बिघडेल. तेव्हा आधी विचारा: हे नेमकं कधी होतं? कुठे होतं? ज्याच्यावर आळ घेतलाय त्याला दूर बसवलं तरी होतं का? एवढं विचारायला ना बाबा लागतो, ना पदवी. ते विचारलं नाही, तर शेगडी आणायला आपलीच माणसं धावतात. मी त्यांना धावताना पाहिलंय.