अंतराळ येष्टीचा कंडक्टर

मी एक जुना डबा आहे. हसू नका, मित्रांनो. वर्गातल्या एखाद्या ढ मुलाला तुम्ही ‘डोकं आहे का खोकं?’ म्हणून चिडवता ना? तर मी दोन्ही आहे. आधी खोकं होतो, मग डोकं झालो आणि आता पुन्हा खोकं. सध्या माझ्यात चुलीतली राख भरून ठेवतात. भांडी घासायला लागते म्हणून.

माझा जन्म शेंगतेलासाठी झाला. कुठल्या गिरणीत ते आठवत नाही आणि आठवून तरी काय करायचंय? तेल संपल्यावर केसरबाईंनी मला घासूनपुसून ज्वारी भरायला घेतलं. पिंपरीत एका कंपनीच्या फाटकासमोर कामगारांची चाळ होती, त्या चाळीत त्या राहायच्या. त्यांचे यजमान रंगराव. मूळचे मावळातले. गावची जमीन कारखानदारीत गेली, तिच्या बदल्यात कंपनीत नोकरी मिळाली. प्रेस शॉपला होते. म्हणजे पत्र्यावर दणादण ठोके घालून त्याचे सुटे भाग काढतात ना, तिथे. शेजारच्या खोलीत ज्योतीराम आणि त्यांची बायको कौशल्याबाई. ज्योतीरामही प्रेस शॉपलाच. दोघांची शिफ्ट एक, डबा खायची जागा एक, आणि भांडण झालं तर तेही संध्याकाळपर्यंत मिटायचं.

एकोणीसशे एकोणसत्तर साली माणूस चंद्रावर उतरला. ते ऐकलं आणि रंगरावांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. भीमजयंतीच्या आठवड्यात चाळीच्या मैदानावर दरवर्षी नाटक व्हायचं. पुढच्या वर्षी ते म्हणाले, “ह्या खेपेला राजाराणी न्हाई. ह्या खेपेला येष्टी थेट आकाशात न्यायची.”

“आन् कंडक्टर?” ज्योतीरामनी विचारलं.

“कंडक्टर पत्र्याचा. यंत्राचा मानूस. त्यो तू.”

झालं! माझी ज्वारी परातीत ओतली गेली. केसरबाईंनी घर डोक्यावर घेतलं. “चांगला डबा हाय वो त्यो! दुसरं काय घावलं न्हाई व्हय तुमास्नी?” पण ऐकतो कोण? ज्योतीरामनी कात्रीनं माझा तळ कापला, समोर दोन भोकं पाडली आणि त्यांत कंपनीच्या भंगारातल्या दोन पिवळ्या काचा बसवल्या. दोन्ही बाजूंना चहाची गाळणी लावली. ते माझे कान. खरं सांगतो, मित्रांनो, तेलाच्या डब्याला कान फुटल्यावर काय वाटतं ते तुम्हाला कळायचं नाही. मला सगळं जग पहिल्यांदाच ऐकू आल्यासारखं झालं. अंगासाठी चंदेरी रंग दिलेलं पोत्याचं कापड शिवलं. विठोबा, खंडोबा असतात तसा मी पत्रोबा. नाव केसरबाईंनीच ठेवलं, रागारागात. तेच चिकटलं.

नाटकाचं नाव ‘अंतराळ येष्टी’. रंगराव ड्रायव्हर, पण सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे. चाळीतले म्हातारे चिमाजी हे आचारी. ते कुठल्याही ग्रहावर उतरले की आधी चूल मांडून पिठलं टाकायचे. आणि मी कंडक्टर, गळ्यात तिकिटांची पेटी अडकवलेला. गाडी निघण्याआधी मी दारात उभा राहून विचारायचो, “मागं कोन ऱ्हायलंय का?” मग सगळ्या प्रवाशांनी ओरडायचं, “कोन न्हाई! जाऊ द्या!” मग मी दोरी ओढून दोनदा घंटी वाजवायची आणि गाडीनं उडायचं. उडायचं म्हणजे काय, पडदा पाडायचा.

पहिल्याच वर्षी गंमत झाली. ज्योतीरामनी माझ्या आतून विचारलं, प्रवासी ओरडले, घंटी झाली आणि नेमका त्याच क्षणी समोरच्या कंपनीचा भोंगा वाजला. सेकंड शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीचा. पण सवय ती सवय! मैदानात बसलेले निम्मे बाप्ये ताडकन उभे राहिले. कुणी शेजारी डबा चाचपू लागला, कुणी चपला. मग एकमेकांची तोंडं बघून जे हसत सुटले! बायका तर डोळे पुसत होत्या. दुसऱ्या वर्षीपासून रंगरावांनी खेळच असा बेतला की, ‘जाऊ द्या’ म्हणायला आणि भोंगा वाजायला एक गाठ पडावी. भोंगा म्हणजे आमच्या गाडीचं इंजिन. सेकंड शिफ्टचे लोक जेवायचे सोडून फाटकाच्या जाळीशी यायचे आणि आतून ओरडायचे, “जाऊ द्या!”

दर एप्रिलला नवा भाग, नवा ग्रह. दुष्काळाच्या सालात आमची गाडी पाण्याला कुलूप लावणाऱ्या ग्रहावर गेली. एका ग्रहावर माणसांना नावंच नव्हती, नुसते नंबर. तिथे मी अडून बसलो, “नाव सांगा, तर तिकीट फाडीन.” एकेक प्रवासी आठवून आठवून आपलं नाव सांगायचा आणि मैदानातून टाळ्या पडायच्या. पण लोकांच्या मनात बसला तो लंगड्या म्हाताऱ्याचा भाग. इंधन संपत आलेलं, म्हातारा लांबून खुरडत येतोय आणि सगळे प्रवासी माझ्यावर खेकसताहेत, “वाजव की घंटी!” मी दोरी हातात धरून उभा. “मागं मानूस हाय. मी पत्र्याचा हाय, पर आंधळा न्हाई.” म्हातारा चढेपर्यंत मी घंटी दिली नाही. त्या संध्याकाळी चिमाजी रडले. नाटकातले नव्हे, खरे चिमाजी.

आमचं नाटक संपलं तरी ते बोलणं संपायचं नाही. प्रेस शॉपला शिफ्ट सुटली की, कुणीतरी दारात थांबून विचारायचा, “मागं कोण राहिलंय का?” मग हात धुवायला रेंगाळलेला गडी धावत यायचा. पोरं आजारी पडली, कुणाच्या घरी मयत झाली, तर चाळ हेच वाक्य बोलून एकमेकांच्या दारात उभी राहायची. संत तुकाराम नगरातून लोक खेळ बघायला यायचे. पोरं माझ्या गाळण्यांना हात लावून बघायची. मी फुगलो होतो, कबूल करतो. मला वाटायचं, एका डब्यानं एवढी माणसं शहाणी केली.

मग सोनबाची बोटं गेली.

सोनबा हा प्रेस शॉपमधला साधा, अबोल गडी. हात आत जाऊ नये म्हणून त्याच्या प्रेसला पुढे असलेली जाळी तुटली होती. साहेबांना सांगून झालं होतं. साहेब म्हणाले, आधी माल निघू दे, मग बघू. माल निघाला, त्याच्याबरोबर सोनबाच्या उजव्या हाताची बोटंही गेली. दुसऱ्या दिवशी रंगरावांनी त्या प्रेसचं बटण बंद केलं आणि समोर उभे राहिले. “जाळी बसल्याबिगर ह्यो प्रेस चालनार न्हाई.” त्यांना कामावरून काढून टाकलं.

सगळं प्रेस शॉप बाहेर आलं. मग सगळी कंपनी. फाटकावर घोषणा कोणती होती, सांगा बरं? “मागं कोण राहिलंय का?” “रंगराव राहिलाय!” माझं वाक्य, मित्रांनो! माझा पत्रा तापला नुसता अभिमानानं. रंगरावांना घेतल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, अशी नाटकाच्या मैदानावर सगळ्यांनी शपथ घेतली. सगळ्यांच्या पुढे ज्योतीराम होते.

कंपनीनं टाळं ठोकलं. भोंगा मुका झाला. हिवाळा गेला, होळी गेली. चाळीतल्या चहात आधी दूध जायचं बंद झालं, मग साखर. कित्येक जण बायकापोरं गावी पाठवून एकटे राहिले. कौशल्याबाईंचं तान्हं पोर सारखं किरकिरायचं. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, गाळणी होती ना कानाला. फाटकावर एक नोटीस लागली: ज्या दिवशी भोंगा वाजेल त्या दिवशी फाटक उघडेल, हमीपत्रावर सही करील तो आत, येणार नाही त्याचं नाव कमी. तिच्यात रंगरावांना परत घेण्याचं अक्षरही नव्हतं. लोकांनी वाचली आणि थुंकून परत आले.

एप्रिल आला. चिमाजी म्हणाले, “औंदा खेळ नगं. कुनाच्या पोटात अन्न न्हाई.”

रंगराव म्हणाले, “म्हनूनच करायचा.”

त्या वर्षीचा भाग घरी परतण्याचा होता. इतकी वर्षं भटकलेली येष्टी शेवटी पृथ्वीवर निघते, एवढीच गोष्ट. भोंगा नव्हता, म्हणून ठरलं की, सगळ्यांनी मिळून तोंडानंच भोंगा काढायचा. मैदान भरलं. हडकलेली माणसं, पण आली होती. चिमाजींनी रिकाम्या कढईत उलथनं फिरवून पिठलं केलं, तर लोक हसले. खूप दिवसांनी हसले. मला वाटलं, सगळं सुरळीत होणार.

शेवटी मी दारात उभा राहिलो. रंगराव स्टेअरिंगवर. माझ्या आतून ज्योतीरामचा आवाज घुमला, “मागं कोन ऱ्हायलंय का?”

लोकांनी ‘कोन न्हाई’ म्हणायला तोंड उघडलं, आणि भोंगा वाजला.

खरा. कंपनीचा. कुणी म्हणतं, साहेबांनी मुद्दाम वेळ साधली. मला ठाऊक नाही. मैदानातले सगळे बाप्ये ताडकन उभे राहिले. पहिल्या वर्षी राहिले होते तसेच. मी वाट बघत होतो की, आता एकमेकांची तोंडं बघतील आणि हसत सुटतील. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. समोरचं फाटक करकरत उघडलं. कडेचा एक जण खाली मान घालून निघाला. मग दुसरा. मग ज्यांना जायचं नव्हतं तेही, बाकीचे गेले म्हणून निघाले. भोंगा वाजतच होता.

ज्योतीराम माझ्या आत होते. त्यांचा श्वास माझ्या पत्र्यावर आदळत होता, घाम माझ्या काचांवर उतरत होता. माझ्या दोन पिवळ्या डोळ्यांतून आम्ही दोघं एकच गोष्ट बघत होतो. समोर कौशल्याबाई उभ्या होत्या, पोराला खांद्यावर टाकून. नुसत्या बघत होत्या. आणि मागून कॅप्टनचा आवाज आला, “ज्योती, घंटी दिऊ नगंस. मागं मानूस हाय.”

नाटकात ते वाक्य नव्हतं. निदान त्या वर्षीच्या नाटकात तरी नव्हतं.

मी जिवाच्या आकांतानं म्हणत होतो, थांबा, दोरी धरा, थांबा! पण पत्र्याच्या डोक्याचं कोण ऐकतो? ज्योतीरामनी मला डोक्यावरून उतरवलं आणि कंडक्टरच्या सीटवर ठेवलं. “रंगराव,” ते म्हणाले, “पोर हाय रे माझं.”

“मला काय सांगतूस? जा.”

ते पळाले. अंगावरचं चंदेरी पोतं काढायलाही थांबले नाहीत. सगळ्या मैदानानं बघितलं, पत्रोबाचं बिनडोक्याचं धड फाटकातून आत गेलं. डोकं तेवढं बाहेर राहिलं. मैदानात बायका होत्या, चिमाजी होते, बोटं गेलेला सोनबा होता. घंटीची दोरी लोंबत होती. रंगराव बराच वेळ स्टेअरिंग धरून बसले. मग केसरबाई आल्या, त्यांनी मला काखेत मारलं आणि रंगरावांना हात धरून उठवलं.

पुढं सांगण्यासारखं फार नाही. रंगरावांना पिंपरीत कुणी उभं केलं नाही. ते चाकणला आले आणि कांद्याच्या बाजारात पाठीवर पोती वाहायला लागले. आता पाठ वाकली आहे. ते कुणाला शिव्या देत नाहीत, कुणाचं नाव काढत नाहीत. नाटकाचंही नाही. त्याचंच मला जास्त लागतं. केसरबाईंनी माझ्या भोकांत चिंध्या कोंबल्या, तळाला फळी ठोकली आणि राख भरली. एक पिवळी काच कुठे हरवली देव जाणे.

मध्यंतरी एकदा ज्योतीराम आले. अंगावर कंपनीचा निळा पोशाख, पोराला घेऊन. पोर आता मोठं झालं आहे. केसरबाईंनी चहा केला. कांद्याचा भाव झाला, पाऊसपाणी झालं. दोघा मित्रांना एकमेकांकडे बघता येईना, म्हणून दोघंही पोराकडे बघत होते. पोरानं चुलीपाशी मला बघितलं आणि माझ्या गाळणीला बोट लावलं. “बाबा, ह्या डब्याला कान आहेत!”

ज्योतीरामनी उरलेला चहा संपवला. कप खाली ठेवून उठले. ते दारात चपला घालत असताना केसरबाईंनी सवयीनं विचारलं, पाहुणा निघाला की कुठलीही घरधनीण विचारते तसं, “भावजी, मागं काय ऱ्हायलं न्हाई ना?”

ते थबकले. वळून त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीला टेकून बसलेल्या रंगरावांकडे. आता ‘ऱ्हायलंय’ म्हणतील, मला वाटलं. एवढ्या वर्षांनी तरी म्हणतील. माझी राखसुद्धा थरथरली असेल.

“न्हाई वहिनी,” ते म्हणाले. “काय न्हाई.”

आणि गेले.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तूनं ‘मला जपा’ म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. मला जपून काय होणार आहे? घंटी देण्याआधी एकदा मागं वळून बघा, एवढं सांगणार होतो. पण तेही मी वर्षानुवर्षं सांगितलं, भर मैदानात सांगितलं, शेकडो माणसांनी टाळ्या वाजवल्या. बघितलं कुणीच नाही. चला, केसरबाई आल्या. भांडी घासायची वेळ झाली.