श्री.च्या जागी कै.

मी एक रांग बोलतेय, चौकटी कंसात उभी असलेली. संगणकवाले मला अ‍ॅरे म्हणतात. मला फक्त जागा कळते: पहिली, दुसरी, तिसरी. त्या जागेवर कोण आलंय, जितं का मेलं, मला काय ठाऊक!

नेवाशाच्या निकितानं स्वतःच्या लग्नाची मोबाईल-पत्रिका स्वतःच बनवली, तेव्हा माझा जन्म झाला. निमंत्रकांची नावं तिनं एका रांगेत ठेवली आणि नावापुढचं श्री., कै. माझ्यात. वडील, आजोबा, मामा असा क्रम. आजोबा कानिफनाथ वारलेले, म्हणून माझ्यात दुसऱ्या जागी कै. सगळं कसं जुळलेलं!

मग वडील म्हणाले, "निके, मामाला वर घे. मंगलाष्टकांना तुझ्या पाठीशी तोच उभा राहणार." तिनं हौसेनं नावांच्या रांगेत मामांना आजोबांच्या वर घेतलं. मला कुणी हलवलंच नाही. दुसऱ्या जागी आसाराममामा आले आणि मी मख्खासारखं त्यांना कै. चिकटवलं. चांगला धडधाकट माणूस हो! पत्रिका सगळ्या भावकीत, सोयऱ्यांत गेली.

कर्जतहून चांगुणामामीचा फोन आला. "निके, तुजं मामा माज्या म्होरं बसून भाकरी खात्यात. माज्या कुंकवाला कै. लावलंस व्हय गं?"

मागून मामा गरजले, "पाठीशी उभा ऱ्हायाला दुसरा मामा बघ म्हणावं तिला!"

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं आम्हा दोन्ही रांगांना रिकामं केलं. प्रत्येक माणसाला महिरपी कंसात स्वतःचं घर दिलं. त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. तिथं 'नाव' म्हटलं की आसाराम, 'उपाधी' म्हटलं की श्री. माणूस वर जाऊ दे नाहीतर खाली, त्याचं श्री. त्याच्याबरोबरच जातं.

मग ती स्वतः कर्जतला गेली. मामीच्या पायाशी बसून तिनं मोबाईलवर नवी पत्रिका उघडली. "मामी, चुकलं माझं."

मामीनं डोळे बारीक करून मामांचं नाव वाचलं. मग म्हणाली, "पत्रिकेला कुंकू न्हाई लावलं?" करंड्यात बोट बुडवून तिनं काचेवर टेकवलं, नेमकं मामांच्या श्री.वर.

मामा खाकरले. "ऊठ पोरी. पाठीशी मीच ऱ्हानार."

मी अजून त्याच फाईलीत आहे. दोन कंस, आत काही नाही. बाबांनो, माझ्यात मंगलाष्टकांचा क्रम ठेवा, पंगतीतलं वाढप ठेवा, पण माणसं ठेवू नका. काचेखालून ते कुंकू मला दिसलं होतं. पुन्हा वर बघायची माझी हिंमत झाली नाही.