लोण्याचं कार्ड

नव्वदकाकांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा डेअरीतली माणसं हळहळली, आणि हळहळून झाल्यावर थोडी हसलीही. छत्तीस वर्षं जो माणूस रोज लोणी चाखून रोज थुंकत आला, त्याच्या रक्तवाहिन्या तुंबल्या कशाने? उत्तर घरच्यांना ठाऊक होतं. कामावर थुंकलेल्या लोण्याची भरपाई काका घरी करत. सकाळच्या दोन स्लाइसवर इतकं लोणी चढे की खाली ब्रेड आहे यावर विश्वास ठेवावा लागे.

लोणी-परीक्षक हा त्यांचा हुद्दा. लोण्याच्या मोठ्या ठोकळ्यात लांब पोकळ सळई खुपसायची, एक वेढा देऊन बाहेर काढायची, आत आलेली कांडी आधी नाकाशी न्यायची. मग तुकडा जिभेवर ठेवून टाळूला लावायचा, विरघळेपर्यंत डोळे मिटायचे, थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि कार्ड भरायचं. चवीला पंचेचाळीस गुण, पोताला तीस, रंगाला पंधरा, मिठाला दहा. बेरीज नव्वदच्या खाली गेली की तो माल दुय्यम. खुद्द मालक येऊन गोड बोलला तरी त्यांच्या पेनातून अर्धा गुण जास्त सुटायचा नाही, म्हणून हे नाव पडलं. तसा माणूस मायाळू. पण जिभेच्या बाबतीत सख्ख्या भावाचीही गय नाही.

झटका येऊन गेला तेव्हा त्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, लोणी बंद, आणि बंद म्हणजे कायमचं. काका घरी आले, चपला काढल्या आणि हळूहळू जेवणच सोडत गेले. सकाळी चहाबरोबर अर्धी कोरडी स्लाइस, दुपारी चार घास, संध्याकाळी भूक नाही. तीन महिन्यांत सात किलो उतरले. पँट कमरेवर राहीना म्हणून पट्ट्याला खिळ्याने नवीन भोकं पाडली, तीही स्वतःच, कुणाला न सांगता.

घरात बघायला होती एकटी सून. काकांची बायको जाऊन सात वर्षं झालेली, मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यातच. सून कानाच्या मशीनच्या दुकानात कामाला. म्हाताऱ्यांचे कान तपासायचे, मशीन बसवून द्यायचं, आवाज कमी-जास्त करून द्यायचा. गल्लीत सगळे तिला ‘कानवाली’ म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. "वजन असंच उतरत राहिलं तर ह्यांना औषधंही सोसणार नाहीत. काहीही करा, पण खायला लावा." पुढची तपासणी तीन आठवड्यांवर होती. तिचे स्वतःचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते. कुणाला तरी ‘बाबा’ म्हणायला तिला थेट अठ्ठाविसाव्या वर्षी मिळालं होतं, आणि ते इतक्या लवकर हातचं जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती.

तेव्हा तिने कंबर कसली. पहिल्यांदा बदाम भिजवून, सोलून, गुळगुळीत वाटले. वाटण पांढरं दिसतं म्हणून त्यात गाजराचा रस घातला. मग ते चौकोनी डब्यात दाबून फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी लोण्याच्या जुन्या भांड्यात ठोकळा काढून त्यावर सुरीने रेघासुद्धा ओढल्या. "बाबा, बघा तरी! अगदी लोण्यासारखं झालंय."

काकांनी ड्रॉवरमधून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढला. निवृत्तीच्या दिवशी डेअरीने घड्याळ दिलं होतं, ते कपाटात पडून होतं. कार्डं मात्र त्यांनी स्वतः मागून आणली होती. त्यांनी ठोकळ्याचा कोपरा कापला, वास घेतला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि वाटीत थुंकून टाकला. चूळ भरली. मग चष्मा लावून लिहिलं: चव अकरा, पोत सहा, रंग तेरा, मीठ पाच. एकूण पस्तीस.

"रंगाला तेरा दिलेत," ते मऊ आवाजात म्हणाले. "कष्ट दिसतात."

मग अर्धी कोरडी स्लाइस चहात बुडवून खाल्ली आणि उठले.

पुढचे दोन आठवडे हेच चाललं. शेंगदाण्याचं वाटण एकोणतीसवर आपटलं. टांगून पाणी काढलेल्या दह्याला बेचाळीस मिळाले, तेवढ्यावर ती दिवसभर हवेत होती. ॲव्होकाडोला गाजराचा रस घातल्यावर जो रंग आला तो पाहून काकांनी पेन खाली ठेवलं आणि नुसतंच तिच्याकडे पाहिलं. प्रत्येक सकाळी ती "आज मात्र अगदी लोण्यासारखं!" म्हणे आणि प्रत्येक सकाळी नापास होई. तीळ झाले, सूर्यफुलाच्या बिया झाल्या. पट्ट्याला आणखी एक भोक पडलं. नवरा फोनवर म्हणाला, "बाबा म्हणजे खडूसच आहेत गं."

"खडूस असते तर भांडले असते रे," ती म्हणाली. "ते प्रामाणिक आहेत. माझं तिथेच अडतंय."

त्या आठवड्यात दुकानात एक आजी आल्या. गाण्याच्या शिक्षिका होत्या, चाळीस वर्षं पोरांचे सूर सुधारलेल्या. आल्या त्या मशीन टेबलावर आपटूनच बोलायला लागल्या. "हे घ्या तुमचं! हा माझा कान नव्हे. डब्यात बसून कुणी बोलावं तसं सगळं ऐकू येतं."

कानवालीला हे नवीन नव्हतं. महिन्याला दहाजण असे येत. दुकानात नोकरीला लागली त्या पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं की गिऱ्हाइकाला ‘अगदी पूर्वीसारखं ऐकू येईल’ असं चुकूनही सांगायचं नाही. सांगितलं की संपलं. माणूस जुना कान शोधत बसतो आणि मशीन खोक्यात जातं. त्यामुळे सवयीने तिच्या तोंडून आलं, "आजी, हा तुमचा कान नाहीच. तो गेला. जुन्या कानाशी ताडून बघायचं सोडा, आणि ह्यातून आत्ता काय ऐकू येतंय तेवढंच मला सांगा."

आजींनी कुरकुरत मशीन चढवलं. थोडा वेळ गेला. "पंखा," त्या म्हणाल्या. "बाहेर कुणीतरी कुलूप लावतंय. आणि तुम्ही... तुमचा श्वास जोरात चाललाय, बाई. बरं नाही का?"

बरं नव्हतंच. कानवालीने कपाळाला हात लावला होता. जे वाक्य ती परक्या माणसांसमोर सहा वर्षं जिभेवर येऊ देत नव्हती, तेच ती रोज सकाळी घरी म्हणत होती. आणि म्हणत होती कुणाला, तर ज्याने छत्तीस वर्षं लोण्याशिवाय दुसऱ्या कशाला गुणच दिले नव्हते त्याला! लोण्यासारखं म्हटलं की ते लोण्याचं कार्ड काढणार. दुसरं कार्ड त्यांच्याकडे होतंच कुठे? तिला स्वतःचा राग आला, आणि दिवसभर तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने रात्रभर भिजलेला पांढरा घेवडा मऊ शिजवला. अख्खा लसूण सालासकट भाजून, त्याचा गर पिळून त्यात घातला, ऑलिव्हचं तेल, लिंबू आणि भरडलेली मिरी घालून सगळं रवीने घोटलं. गाजर फ्रिजमध्येच राहू दिलं. ठोकळा नाही, रेघा नाहीत. साध्या वाटीत घालून वाटी टेबलावर ठेवली. शेजारी खरपूस भाजलेल्या गरम स्लाइस.

काकांनी वाटीत डोकावून पाहिलं. "आज काय?"

"घेवडा."

"लोण्यासारखा?"

"नाही. घेवड्यासारखा."

काकांचा हात ड्रॉवरकडे गेला. तिने गठ्ठ्यावर तळवा ठेवला. "आज कार्ड नको, बाबा."

"मग मी करू काय?"

"खायचं. लोक खातात तसं."

काका खुर्चीत मागे टेकले. त्यांची नजर वाटीवरच होती, तिच्याकडे नाही. "पोरी, मला दुसरं काही येत नाही गं," ते म्हणाले. "नव्वदच्या खालचं ते दुय्यम, हे मी जन्मभर सांगत आलो. किती जणांचा माल परत पाठवला. एकजण तर माझ्यासमोर रडला होता, तरी पाठवला. आणि आता मीच जर पस्तीसवाल्यावर खूश होऊन ताव मारला, तर मग ती सगळी वर्षं मी काय केलं?"

इतके दिवस तिला वाटत होतं की म्हातारा रुसला आहे. रुसवा नव्हता तो. मग जे विचारायचं तिने लग्नापासून टाळलं होतं ते बाहेर आलं.

"मी ह्या घरात आले तेव्हा आईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. आठवतं? आला-गेला प्रत्येकजण मला आईंच्या शेजारी उभं करून बघायचा. आत्यांनी तर तोंडावर सांगितलं, हिला तिची सर नाही. तुम्ही कधी एक अक्षर बोलला नाहीत. पण मनात गुण दिले असतीलच ना? किती दिले होते मला? खरं सांगा, मी रडणार नाही."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लोण्याच्या गुणांना त्यांना कधी इतका वेळ लागला नव्हता.

"दिलेच नाहीत," ते शेवटी म्हणाले. "तिच्या कार्डावर तुला कधी बसवलंच नाही मी. ती ती होती. तू आलीस, दारातच धडपडलीस, स्वतःच हसलीस... तिची ती जागा, तुझी ही. तू कामावरून आलीस की मला बरं वाटायचं. एवढं पुरे होतं. त्यात मापायचं काय?"

ती रडणार नाही म्हणाली होती, पण असल्या वचनांना फारसा अर्थ नसतो. ओढणीने डोळे पुसत तिने वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "मग ह्या बिचाऱ्या घेवड्याने तुमचं काय घोडं मारलंय, बाबा?"

काकांना हसू आलं. आधी ते नाकात दाबलं, मग दाबेना. तीन महिन्यांत घरात तो आवाज झाला नव्हता. हसता हसता त्यांनी सुरी उचलली, स्लाइसवर घेवडा लावला, पातळसाच, जपून, आणि घास घेतला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. खिडकीकडे बघत ते सावकाश चावत राहिले आणि त्यांनी घास गिळला.

"लसूण जरा जास्त भाजलास."

"हो."

"लिंबू आणखी चाललं असतं. आणि मिरी कुटतेस ना, ती सगळ्यात शेवटी घाल. वास टिकतो."

"बरं."

मग त्यांनी दुसरा घास घेतला. ती स्लाइस संपली. दुसरी त्यांनी न विचारता उचलली आणि हिच्यावर मात्र पूर्वीसारखा, ब्रेड दिसेनासा होईपर्यंत, थर दिला. खाताना त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायची त्यांनी खटपट केली नाही.

"मला मरायचं नव्हतं गं," ते भरल्या तोंडाने म्हणाले. "दुसरं काही आवडायची लाज वाटत होती, इतकंच."

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांद्याचं हाड हाताला लागलं. तिने जाळीवर आणखी दोन स्लाइस भाजायला टाकल्या, एक त्यांना आणि एक स्वतःला. घेवडा दोघांना पुरला नाही, तेव्हा काका वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि उद्यासाठी किती भिजवायचा ते विचारू लागले.